मुळेच्या काठानें दापोडीच्या बागेकडे

मोठमोठ्या शहरांच्या वनस्पतिशास्त्रीय बागा बहुधा नदीच्या काठीं वसलेल्या आढळतात. कलकत्त्याची शिबपूरची बाग १७८७ सालीं कर्नल रॉबर्ट किड यानें हुगळीच्या तीरावर घातली. लंडनजवळची क्यूची जगप्रसिद्ध बाग टेम्सच्या कांठाला आहे. यांत योगायोगाचा भाग थोडा आहे. रोपांना बारमाही पाणी लागतें, गाळाची मऊ जमीन लागते, आणि परमुलुखांतून आलेल्या पेट्या उतरवून घेण्यास जलमार्ग सोयीचा पडतो. पुणें शहराच्या नद्यांतून कधीं मोठीं गलबतें चाललीं नाहींत; तरीही या शहराची पहिली सरकारी वनस्पतिशास्त्रीय बाग नदीच्या कांठींच उभी राहिली. ती मुळेच्या तीरावर, दापोडी येथें होती. आज त्या बागेचें नांव फार थोड्यांच्या ओठांवर आहे. परंतु हिंदुस्थानांतील जंगलांच्या रक्षणाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास त्याचा एक आरंभ या विस्मृत बागेंतच शोधावा लागतो.

ही वाट संगमापासून सुरू होते. नैर्ऋत्येकडून मुठा येते, वायव्येकडून मुळा येते, आणि दोघींच्या भेटीच्या बेचक्यांत जी उंच जागा आहे तेथें पेशवाईच्या अखेरच्या काळांत इंग्रज वकिलाचा बंगला होता. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा तेथें राहत असे. आज याच परिसरांत पुण्याचें जुनें अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. पूर्वीं त्यास कॉलेज ऑफ सायन्स म्हणत. या महाविद्यालयाचा एक प्राचार्य, थिओडोर कुक, यानें पुढें मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ लिहिला. तो १९०१ ते १९०८ या काळांत भागाभागांनीं प्रसिद्ध झाला. म्हणजे या वाटेच्या एका टोकाला वनस्पतींचा ग्रंथकार आहे आणि दुसऱ्या टोकाला वनस्पतींची बाग. मध्यें दोन कोसांच्या आसपासची नदी आहे, आणि त्या नदीच्या कांठीं एका राज्याचा अस्त झालेला आहे.

५ नोव्हेंबर १८१७ या दिवशीं दुपारीं पेशव्यांची फौज गणेशखिंडीच्या रोखानें पसरूं लागली, तेव्हां एल्फिन्स्टननें संगमावरचा बंगला सोडला. खडकीस कर्नल बर याच्या हाताखालीं कंपनीचें सैन्य होतें. तेथें सरळ जाण्याची वाट मराठ्यांच्या फौजेच्या तोंडावरून जात होती. म्हणून त्यानें संगमाजवळ मुळा ओलांडली आणि नदी मध्यें ठेवून तो डाव्या तीरानें वर चालत गेला. पुढें होळकर पुलावरून पुन्हां अलीकडे येऊन त्यानें खडकीचें सैन्य गांठलें. मागें त्याचा बंगला पेटला होता, आणि त्यांत त्यानें जमविलेला ग्रंथसंग्रह जळून गेला. काठाकाठानें जाणारी ती वाट म्हणजे दापोडीच्या वाटेचाच पहिला भाग होय.

दापोडीचा संबंध येथूनच सुरू होतो. दापोडी हें गांव मुळेच्या डाव्या तीरावर, पवना नदी जेथें मुळेस मिळते त्या परिसरांत आहे. पेशव्यांच्या पदरीं इंग्रज अधिकाऱ्यांनीं कवायत शिकविलेली एक पायदळाची पलटण होती. तिचा प्रमुख कॅप्टन फोर्ड याचा तळ दापोडीस होता. पगार पेशव्यांचा आणि इमान कंपनीशीं, असा हा विचित्र प्रकार होता. लढाईच्या दिवशीं फोर्डची माणसें मुळा ओलांडून कर्नल बरच्या सैन्यास येऊन मिळालीं. पेशव्यांच्या बाजूचा सरदार मोर दीक्षित हा फोर्डचा स्नेही होता. ग्रँट डफनें आपल्या बखरींत नमूद करून ठेविलें आहे कीं, त्या दिवशीं मोर दीक्षितास जो प्राणांतिक घाव लागला तो फोर्डच्याच पलटणीच्या तोफेचा होता. कोणाच्या मनांत नसतां मित्राच्या हातून मित्र पडावा, हा त्या युद्धांतील सर्वांत कटु प्रसंग म्हटला पाहिजे. पुढें बारा दिवसांत, १७ नोव्हेंबरला, पुणें इंग्रजांच्या हातीं गेलें.

या कॅप्टन फोर्डनें दापोडीस एक प्रशस्त बंगला बांधला होता व त्याभोंवतीं मोठें आवार राखलें होतें. १८२७ सालीं मुंबईच्या गव्हर्नरपदावर सर जॉन माल्कम आला. वऱ्हाडच्या श्रोत्यांस हें नांव परकें वाटूं नये. १८१८ च्या जून महिन्यांत दुसरा बाजीराव शरण आला तो याच माल्कमला, आणि तो प्रसंग घडला असीरगडाच्या आसमंतांत, म्हणजे मेळघाटांतील धारणीच्या पश्चिमेस, तापीच्या खोऱ्यांत. ज्यानें तेथें पेशव्याचें राज्य उतरवून घेतलें, त्यानेंच दहा वर्षांनीं पेशव्याच्या एका पगारी कप्तानाचा बंगला सरकारसाठीं विकत घेतला. पावसाळ्यांत गव्हर्नरनें पुण्यास येऊन राहावें हा त्यांतील एक हेतु. दुसरा हेतु अधिक टिकाऊ ठरला. त्या आवारांत १८२८ सालीं माल्कमनें वनस्पतिशास्त्रीय बाग स्थापन केली.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पुण्यास बागा नव्हत्या आणि इंग्रजांनीं त्या आणल्या, असा समज करून घेणें चुकीचें होईल. पेशव्यांची हिराबाग होती, पर्वतीच्या पायथ्याच्या तळ्यांत सारसबाग होती. आंब्यांच्या राया, फुलझाडें, पाटाचें पाणी हें सर्व या शहराला चांगलें अवगत होतें. परंतु तीं विलासाचीं किंवा देवपूजेचीं स्थळें होतीं. वनस्पतिशास्त्रीय बागेचा प्रकार निराळा. तेथें झाड सुंदर आहे कीं नाहीं हा प्रश्न दुय्यम. तें कोणत्या कुळांतील, कोठून आलें, येथील हवेंत तगतें काय, त्याच्या साली-मुळांचा उपयोग काय, याची नोंद ठेवणें हें तेथील मुख्य काम. युरोपांत इटलीमधील पादुआ येथें १५४५ सालीं अशी बाग वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठीं निघाली. पुढें दर्यावर्दी राष्ट्रांनीं तोच प्रकार आपापल्या वसाहतींत नेला. त्यांत ज्ञानाची तहान होती, आणि ज्या मुलुखावर राज्य करावयाचें त्या मुलुखाच्या मातींतून काय पैदा होईल याचा हिशेबही होता. दापोडीची बाग या दोन्ही प्रेरणांचें अपत्य होती.

बागेचे पहिले अधिकारी डॉ. विल्यमसन व त्यांच्यानंतर डॉ. चार्ल्स लश हे होते. त्या काळीं वनस्पतिशास्त्र हें वैद्याच्या शिक्षणाचेंच अंग असल्यामुळें बागेची देखरेख लष्करी वैद्यांकडे सोंपविली जाई. परंतु दापोडीला खरें रूप आलें तें तिसऱ्या अधिकाऱ्याच्या कारकीर्दींत. त्याचें नांव डॉ. अलेक्झांडर गिब्सन. याचा जन्म १८०० सालीं स्कॉटलंडांत झाला. कंपनीच्या नोकरींत वैद्य म्हणून आल्यावर दख्खन व खानदेश या भागांत देवी काढण्याचें काम त्याच्याकडे आलें. हें काम बसल्या जागीं होण्यासारखें नव्हतें. गांवोगांव हिंडावें लागे, आयाबायांची समजूत घालावी लागे, पाटील-कुळकर्ण्यांशीं बोलावें लागे. त्यामुळें गिब्सनला मराठी उत्तम बोलतां येऊं लागली, आणि शेतकऱ्याचें शेत व रान त्यानें पायाखालीं घातलें. १८३८ सालीं दापोडीची बाग त्याच्या स्वाधीन झाली, आणि पुढें वीसांवर वर्षें ती त्याच्याच नजरेखालीं वाढली.

गिब्सनच्या बागेंत दोन प्रकारचीं कामें चालत. एक औषधींचें. कंपनीच्या दवाखान्यांना लागणारीं औषधें विलायतेहून येत. तीं महाग पडत आणि समुद्रप्रवासांत पुष्कळदां निकामी होत. तीं येथेंच पिकवितां आलीं तर खर्च वांचेल, या विचारानें दापोडीस खुरासानी ओव्यासारख्या वनस्पतींची लागवड झाली व त्यांचे अर्क काढून सरकारी औषधभांडाराकडे जाऊं लागले. जुन्नरजवळ हिवरें येथें याच कामासाठीं दुसरी बाग घालण्यांत आली. दुसरें काम रोपांच्या देवघेवीचें. मेक्सिको, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, आफ्रिकेचें दक्षिण टोंक अशा दूरदूरच्या मुलुखांतील झाडें येथें लावून पाहिलीं जात, आणि सह्याद्रीच्या कड्याकपाऱ्यांतील आमच्याच वनस्पती त्यांच्या शेजारीं आणून लावल्या जात.

या बागेची एक आठवण सुदैवानें शिल्लक आहे. १८४७ ते १८५० या वर्षांत गिब्सननें बागेंतील वनस्पतींचीं रंगीत चित्रें काढून घेतलीं. अशीं दीडशेंहून अधिक चित्रें एडिंबरोच्या राजकीय वनस्पतिउद्यानांत जपून ठेवलेलीं आहेत. तेथील संशोधक हेन्री नोल्टी यांनीं २००२ सालीं त्यांवर एक सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हां दापोडीचें नांव विद्वानांच्या जगांत पुन्हां ऐकूं आलें. चित्रांतील पानांच्या शिरा, पाकळ्यांचा पोत, फळांवरचा बारीक लव पाहून पाहणारा थक्क होतो. चित्रकार कोण होता? तो पोर्तुगीज हिंदी वंशाचा होता, एवढाच उल्लेख मागें राहिला आहे. ज्या साहेबानें चित्रें काढविलीं त्याचें नांव ग्रंथाच्या मथळ्यावर आहे. ज्याच्या बोटांनीं तीं काढलीं त्याचें नांव कोणी लिहून ठेवलें नाहीं. हीच गोष्ट बागेंत आळीं करणाऱ्या, मोट हाकणाऱ्या, कलमें बांधणाऱ्या माळ्यांची. रानांतून अमुक वेल आणून देणारा आणि तिचें मराठी नांव सांगणारा जो कोणी होता, त्याचें ज्ञान शास्त्राच्या पुस्तकांत गेलें आणि तो स्वतः बाहेरच राहिला.

गिब्सनचें सर्वांत महत्त्वाचें कार्य मात्र बागेच्या कुंपणाबाहेर घडलें. रोपांच्या शोधांत तो सह्याद्रि आणि कोंकण हिंडत असे. त्या फिरतींत त्याला जें दिसलें त्यानें तो अस्वस्थ झाला. मुंबईच्या गोदींत जहाजें बांधण्यासाठीं सागवान हवें होतें. वाढत्या शहरांना सरपण आणि इमारती लांकूड हवें होतें. व्यापारी पैसे देत आणि डोंगर उघडे पडत. जंगल गेल्यावर पावसाचें पाणी जमिनींत न मुरतां धांवत सुटतें, वरची माती वाहून नेतें, आणि उन्हाळ्यांत ओढे व झरे आटतात. वाहून गेलेली माती खाड्यांच्या तोंडाशीं बसते, आणि जेथें पूर्वीं गलबतें लागत तेथें गाळ साचतो. झाडें तुटण्याचा आणि पाणी आटण्याचा असा निकट संबंध आहे हें गिब्सननें १८४६ च्या सुमारास सरकारपुढें मांडलें. आज हा सिद्धांत शाळेंतील मुलास ठाऊक आहे. त्या काळीं, महसूल वाढविण्यासाठीं जमीन लागवडीस आणावी या मताच्या सरकारला तो पटविणें सोपें नव्हतें.

तरीही सरकारला त्याचें म्हणणें ऐकावें लागलें, कारण प्रश्न जहाजांच्या सागवानाचाही होता. १८४७ सालीं मुंबई इलाख्यासाठीं जंगलांचा रक्षक म्हणून एक अधिकारी नेमण्यांत आला, आणि ती जागा दापोडीच्या बागेच्या अधिकाऱ्यालाच, म्हणजे गिब्सनला मिळाली. मद्रास इलाख्यांत असें खातें ह्यू क्लेगहॉर्न याच्या हाताखालीं १८५६ सालीं निघालें. सर्व ब्रिटिश हिंदुस्थानासाठीं जंगल खातें १८६४ सालीं निघून डीट्रिख ब्रँडिस हा त्याचा पहिला मुख्य झाला, आणि १८६५ व १८७८ चे जंगल कायदे त्यामागून आले. ही परंपरा मागें मागें नेत गेल्यास तिचा एक उगम मुळेच्या कांठच्या या वाफ्यांत सांपडतो.

या गोष्टीची दुसरी बाजू झांकून ठेवणें इतिहासाला शोभणारें नाहीं. जंगल राखावयाचें म्हणजे कोणापासून राखावयाचें? ठेकेदार आणि जहाज बांधणारे हे मोठे गिऱ्हाईक होते. परंतु कायद्याचा जाच प्रथम पोंचला तो डोंगरांत राहणाऱ्या माणसाला. झाडोरा जाळून राखेंत नाचणी-वरी पेरणारा, गुरें चारणारा, मध आणि मोहफुलें गोळा करणारा मनुष्य पिढ्यान्‌पिढ्या ज्या रानांत वावरला, त्याच रानांत तो एकाएकीं गुन्हेगार ठरूं लागला. मेळघाटांत याचा प्रत्यय येतो. येथील सिपना नदीचें नांवच कोरकूंच्या भाषेंतील सागाच्या नांवावरून आलें आहे, असें सांगतात. ज्या लोकांनीं नदीला झाडाचें नांव दिलें, त्या लोकांनाच पुढें झाडाला हात लावण्यास परवाना लागूं लागला. मेळघाट हा १९७३-७४ सालीं देशांतील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकीं एक झाला. वनांत राहणाऱ्यांचे हक्क मान्य करणारा कायदा मात्र २००६ सालीं आला. गिब्सनचें निदान बरोबर होतें. झाड गेल्यास पाणी जातें, हें सत्य मेळघाटालाही तितकेंच लागू आहे. परंतु औषध योजतांना रोग्याच्या घरच्या माणसांना विचारावें लागतें, ही गोष्ट राज्यकर्त्यांना उमजावयास दीडशें वर्षें लागलीं.

गिब्सन १८६० च्या सुमारास निवृत्त झाला. त्याच्या आयुष्यभराच्या टिपणांचें फळ १८६१ सालीं दिसलें. निकोल डाल्झेल याच्यासह त्यानें लिहिलेला ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ त्या वर्षीं निघाला. मुंबई इलाख्यांतील वनस्पतींचें शास्त्रीय वर्णन त्यांत असून पुष्कळ झाडांचीं देशी नांवेंही दिलेलीं आहेत. जंगल खात्यांत गिब्सनची जागा डाल्झेलनेंच घेतली. १८६७ सालीं गिब्सन वारला.

त्याच्या आधींच त्याची बाग संपली होती. १८६१ पासून अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें होतें. तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि हिंदी कापसाला सोन्याचे दिवस आले. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला या तेजीचें स्मरण आहेच. खामगांव आणि अमरावतीच्या पेठा याच काळांत गजबजल्या. मुंबईंत पैशाचा पूर आला होता. त्या वेळचा गव्हर्नर सर बार्टल फ्रीयर यानें दापोडीचा जुना बंगला सोडून गणेशखिंडींत भव्य राजभवन बांधण्याचें ठरविलें. १८६४ सालीं सुरू झालेलें तें काम १८७१ सालीं पुरें झालें. दापोडीची मिळकत विकण्यांत आली, आणि १८६५ च्या सुमारास तेथील वनस्पतिशास्त्रीय बाग मोडली. ज्या खिंडीच्या परिसरांत १८१७ ची लढाई झाली तेथें राजवाडा उठला, आणि ज्या बागेंतून जंगलांच्या रक्षणाचा विचार निघाला ती लिलावाच्या धामधुमींत नाहींशी झाली. बंगला आणि बाग एकाच दस्तऐवजांत बांधलीं असल्यामुळें बंगला गेला तशी बागही गेली. शास्त्रीय संस्था एखाद्या अधिकाऱ्याच्या सोयीशीं जखडलेली असली म्हणजे तिचें आयुष्य असेंच परस्वाधीन असतें.

परंतु बागेची कल्पना मेली नाहीं. १८७३ सालीं गणेशखिंडींत नवी वनस्पतिशास्त्रीय बाग सुरू झाली, आणि मार्शल वुड्रो याच्या देखरेखीखालीं ती नांवारूपास आली. वुड्रोनें आंब्याच्या जाती व त्यांची लागवड यांचा विशेष अभ्यास केला व १९०४ सालीं आंब्यावर पुस्तक लिहिलें; गणेशखिंडीच्या जुन्या आमराया प्रसिद्ध आहेत. राजभवनांत १९४९ सालीं पुणें विद्यापीठ आलें. १९५५ सालीं भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचें पश्चिम विभागीय केंद्र पुण्यास निघालें, आणि २०२० सालीं महाराष्ट्र शासनानें गणेशखिंडीच्या बागेस जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला. दापोडीच्या वाफ्यांत पेरलेलें बीं असें अर्ध्या वाटेवर, खडकीच्या अलीकडे, पुन्हां रुजलें.

दापोडीस आज बाग शोधणाऱ्याला आगगाडीचें स्थानक दिसतें, राज्य परिवहनाची मध्यवर्ती कार्यशाळा दिसते, सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयाचें विस्तीर्ण आवार दिसतें. घरें नदीपर्यंत येऊन ठेपलीं आहेत. पवना आणि मुळा अजून तेथेंच भेटतात. पण त्यांच्या पाण्यांत शहराचें सांडपाणी मिसळलेलें असतें, आणि संगमापर्यंतचा कांठ पायीं तुडवूं म्हणणाऱ्यास ठिकठिकाणीं भिंती आडव्या येतात. नदीकांठ सुंदर करण्याच्या योजना पुण्यांत आंखल्या जात आहेत. त्या आंखणारांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. कांठ बांधून नदी सुंदर होत नाहीं. नदीची प्रकृति ठरते तिच्या उगमाकडच्या डोंगरावर, तेथील झाडांच्या मुळाशीं. हें ज्ञान पुण्याला बाहेरून आयात करावयाचें नाहीं. तें याच नदीच्या तीरावर, एका देवी काढणाऱ्या वैद्यानें आणि नांव न राहिलेल्या माळ्यांनीं पावणेदोनशें वर्षांपूर्वीं मिळविलेलें आहे. मुळेला जें लागू तें सिपनेला लागू, आणि जें सिपनेला लागू तें तापीला. झाडें राखणें आणि झाडांमध्यें राहणारीं माणसें राखणें हीं दोन कामें ज्या दिवशीं एकाच वहींत लिहिलीं जातील, त्या दिवशीं दापोडीच्या बागेचें राहिलेलें काम पुरें झालें असें म्हणतां येईल.